फुटाळ्याचा गाळ, शेवानेला की जिओबॅक्टर?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला 'चिखलातून वीज' घ्यायचं ठरलं, की पहिला वाद कल्चरवरून, म्हणजे कोणते जिवाणू वाढवायचे यावरून होतो. कुणी शेवानेला म्हणतं, कुणी जिओबॅक्टर, आणि नागपुरातल्या फुटाळा तलावाजवळ राहणारा म्हणतो, बादलीभर गाळच आणतो ना. तिघांचंही चुकत नाही. तुमच्या लॅबमध्ये काय आहे आणि मे महिन्यात तिथं काय होतं, त्यावर निवड ठरते.

काम तिघांचं एकच. आपल्या पेशी अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी आतल्या आत ऑक्सिजनला देतात. हे जिवाणू ते पेशीबाहेर, गंजासारख्या लोहखनिजाला देतात. खनिजाच्या जागी ग्रॅफाइटचा तुकडा ठेवला (हाच अ‍ॅनोड), की तारेतून करंट वाहतो. जिवाणूंपासून वीज मिळते हे पॉटर यांनी इंग्लंडमध्ये 1911 सालीच दाखवलं होतं.

शेवानेला ओनायडेन्सिस हा न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा तलावातला. मायर्स आणि नील्सन यांनी 1988 मध्ये त्याचा हा गुण मांडला. त्याची मोठी सोय म्हणजे त्याला हवा चालते. साध्या ब्रॉथमध्ये, शेकरवर रात्रभरात भरपूर वाढतो. सेंट्रिफ्यूज केलं की तळाशी गुलाबीसर गोळा बसतो. तो रंग सायटोक्रोमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर नेणाऱ्या लोहयुक्त प्रथिनांचा. पण हा गडी उधळ्या आहे. त्याला अन्न म्हणून दिलेल्या लॅक्टेटच्या एका रेणूत 12 इलेक्ट्रॉन मिळण्यासारखे असतात. ऑक्सिजन नसताना हा 4 काढून घेतो आणि उरलेलं ॲसिटेट तसंच टाकून देतो. शिवाय त्याचे बरेच इलेक्ट्रॉन त्यानंच सोडलेल्या फ्लेविन रेणूंच्या पाठीवरून अ‍ॅनोडपर्यंत जातात. आम्ही एकदा करंट वाढेल म्हणून जुनं मीडियम (जिवाणूंचं पोषक पाणी) काढून ताजं घातलं आणि मल्टिमीटरचा आकडा धाडकन खाली आला. जुन्या पाण्याबरोबर हे फ्लेविनचे हमालच सिंकमध्ये गेले होते.

जिओबॅक्टर सल्फररेड्युसेन्स याच्या उलट, काटकसरी. ॲसिटेटमधले आठही इलेक्ट्रॉन काढतो, अ‍ॅनोडवर जाड थर करून बसतो, आणि मीडियम बदललं तरी त्याला फारसा फरक पडत नाही. पेशीपासून दूर पोहोचणारे त्याचे वाहक धागे हा तर वेगळाच विषय. 2005 मध्ये ते पिली, म्हणजे पेशीवरचे केसासारखे प्रथिनाचे धागे, समजले गेले. 2019 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यातला एक धागा सायटोक्रोमची एकामागे एक लागलेली माळ निघाला. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल इथं जमिनीखाली ॲसिटेट सोडून जिओबॅक्टरची वाढ करवली, तेव्हा भूजलातलं विरघळलेलं युरेनियम न विरघळणाऱ्या रूपात बसलं. करंट हवा तर हाच. अडचण हवेची, ती याला चालत नाही. मीडियममधून नायट्रोजन-कार्बन डायऑक्साइड सोडायचा, ब्यूटाइल रबरचं बूच, वर ॲल्युमिनियमची सील, आणि वाढीला धीर. तुमच्याकडे गॅस लाइन नसेल तर नादी लागू नका.

गाळाचं काय? ॲसिटेट देत राहिलं तर काही आठवड्यांत अ‍ॅनोडवर बहुतेकदा जिओबॅक्टरचीच मंडळी जमते, तीही फुकटात. बादलीतल्या गाळात एक ग्रॅफाइट फेल्ट (ग्रॅफाइटचं जाड कापड) पुरायचं, दुसरं वरच्या पाण्यात ठेवायचं, मध्ये 1000 ओहमचा रेझिस्टर. मेंब्रेनचा खर्च नाही. मात्र गाळातले मिथेन करणारे जीव त्याच ॲसिटेटवर डल्ला मारतात, आणि गाळातलं सल्फाइडही अ‍ॅनोडला इलेक्ट्रॉन देतं. म्हणून ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे वाफेनं जिवाणू मारलेल्या, गाळाची दुसरी बादली तुलनेला ठेवाच. करंट जिवाणूंचाच कशावरून, हा व्हायवात पहिला प्रश्न येतो, आणि यायलाही हवा.

तापमान नागपुरात विसरून चालत नाही. दोन्ही जिवाणूंना 30 अंशांच्या आसपास बरं वाटतं; शेवानेला तर चाळिशीला टिकतच नाही. उन्हाळ्यात टेबलावर ठेवलेला फ्लास्क गेला समजा. बीओडी इन्क्युबेटरमध्ये (तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटात) जागा पक्की करून मगच कल्चर मागवा, आणि लाइट गेल्यावर काय करायचं तेही ठरवून ठेवा.

मोबाइल चार्ज होईल का, हे घरचे विचारतीलच. रेझिस्टरवर 0.5 व्होल्ट मिळाले तर ती पाव मिलिवॉट झाली. 5 वॉटच्या चार्जरला अशा 20,000 बादल्या लागतील. पोस्टरवर बल्ब काढू नका राजेहो. याचा खरा उपयोग छोट्या कामांत आहे: समुद्रतळाच्या गाळावर चालणारी हवामान-नोंदीची यंत्रणा, किंवा करंटवरून सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल ते, सांगणारा सेन्सर. नेहमीच्या बीओडी चाचणीला भारतात 27 अंशांवर 3 दिवस लागतात. हा सेन्सर त्याहून फार लवकर अंदाज देतो. नीरी ही पर्यावरण-संशोधन संस्था असलेल्या गावात प्रोजेक्टला हा विषय मला चार्जरपेक्षा कितीतरी शोभणारा वाटतो.

तेव्हा एका सेमिस्टरचा वेळ असेल तर गाळ. जीन, म्युटंट, फ्लेविन यांत रस असेल आणि इन्क्युबेटर हाताशी असेल तर शेवानेला. जिओबॅक्टर पीएचडीसाठी ठेवा.

आणि गाळ काठावरचा सुका नको. पाण्याखालचा, काळा, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा घ्या; तिथं ऑक्सिजन पोहोचलेला नसतो. बादलीचं झाकण घट्ट लावा, नाहीतर ऑटोवाला लॉ कॉलेज चौकातच उतरवून देईल.