कच्च्या यार्डात साधी फोर्कलिफ्ट घ्यायची की टेलिहँडलर?

ब्लॉकचं नाहीतर पेव्हरचं यार्ड आहे, खाली मुरूम, पावसाळ्यात चिखल, आणि 3 टनी डिझेल फोर्कलिफ्ट घ्यायची की टेलिहँडलर (पुढे लांब होणाऱ्या बूमच्या, म्हणजे हाताच्या, टोकाला काटे असलेली गाडी) यात अडकला असाल तर मोठा पाऊस पडून गेल्यावर यार्डात पायी एक चक्कर मारा, कारण मशीनपेक्षा जमीन जास्त ठरवते.

साधी फोर्कलिफ्ट दिसायला चारचाकी, पण मागचा ॲक्सल मधोमध पिनवर झुलतो, म्हणजे तोल खरा तीन टेकूंवरच असतो. सस्पेन्शन नाही, मास्टखाली, म्हणजे काटे वर-खाली नेणाऱ्या पुढच्या उभ्या खांबांखाली, जेमतेम पाच इंच जागा. पुढच्या दोन चाकांत साधारण 1 मीटर अंतर, त्यातलं एक चाक 5 सेंटिमीटर खाली गेलं की 3 मीटरवर उचललेला माल 15 सेंटिमीटर बाजूला झुकतो. आमच्याकडे जूनमध्ये हेच झालं, मुरूम वरून सुकलेला दिसत होता, डावं चाक हळूच बसलं आणि पॅलेटवरची वरची ओळ सरकायला लागली, काटे जमिनीपासून वीतभरच वर होते म्हणून सात-आठ ब्लॉक फुटण्यावर निभावलं. सॉलिड टायर पंक्चर होत नाहीत हे खरंय, पण खडीवर दणके फार बसतात, बाहेर हवेचेच बरे.

टेलिहँडलरला फोर व्हील ड्राइव्ह, मोठे टायर, पोटाखाली भरपूर जागा, चिखलातून निघतो. पण बूम बाहेर काढाल तशी क्षमता उतरते, पूर्ण लांबीवर निम्म्याहूनही कमी, त्यामुळे केबिनमधला लोड चार्ट (बूम किती बाहेर असताना किती वजन चालतं त्याचा तक्ता) ऑपरेटरला वाचता आलाच पाहिजे. बूममुळे उजवीकडचं नीट दिसत नाही, तिकडे माणूस उभा राहू देऊ नका. आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला ट्रेनिंगशिवाय त्यावर बसवू नका, किंमतही बरीच जास्त आहे.

उतारावर फोर्कलिफ्टचा माल कायम चढाच्या बाजूला, म्हणजे भरलेली गाडी चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्स, वळायचं नाही. बेल्ट दोन्हींत हवाच. गाडी कलंडली तर उडी मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरून पडायच्या उलट बाजूला झुका, उडी मारणारा ऑपरेटरच्या डोक्यावरच्या गार्डखाली सापडतो.

माल रोज त्याच रस्त्याने जात असेल तर माझं मत साध्या फोर्कलिफ्टला, वाचलेल्या पैशात तेवढा पट्टा काँक्रीट करा. साइट बदलत असेल, मातीतच काम असेल तर टेलिहँडलरच. टोकन द्यायच्या आधी तुमचं सगळ्यात जड पॅलेट तुमच्याच सगळ्यात खराब कोपऱ्यातून काटे खाली ठेवून नेऊन दाखवायला सांगा.