फियाटच्या सीटमध्ये काय भरायचं: फोम की स्प्रिंग-काथ्या?

जुनी फियाट ११०० आतून नीट करायला काढली की चर्चा रंगापासून सुरू होते. रेक्झिन लाल घ्यायचं की क्रीम, पायपिंग पांढरी की काळी. रंग शेवटच्या दिवशी ठरला तरी चालतो. आधी ठरवायचं ते कव्हरच्या आत काय भरायचं, कारण एकदा काथ्या कचऱ्यात गेला आणि स्प्रिंगा भंगारवाल्याने नेल्या की मागे फिरणं महागात पडतं. मला पडलं. माझ्या १९६८ च्या फियाट ११०० डिलाइटमध्ये आधी अकरा महिने फोम होता, आता चार वर्षं स्प्रिंग आणि काथ्या आहे. म्हणून हे दोन्ही बाजूंनी लिहितोय. पद्मिनीवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल, कारण १९७४ मध्ये याच गाडीचं नाव पद्मिनी झालं तरी काच, छप्पर आणि बसायची जागा यांचं गणित जवळपास तेच राहिलं.

फोमच्या बाजूने बरंच काही बोलण्यासारखं आहे. कुठलाही सीटवाला ते काम करतो, सकाळी सीट दिली तर तिसऱ्या दिवशी परत मिळते. कडा सरळ येतात, शिलाईच्या रेषा ताठ दिसतात, फोटो छान येतो. ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो भरणारा, दाट) फोम लावला तर लवकर बसत नाही. उंदीर त्याच्या वाटेला कमी जातात, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर हा मुद्दा लहान नाही. माझी आई जेमतेम पाच फूट. फोमच्या सीटवर बसल्यावर तिला पहिल्यांदाच बॉनेट पूर्ण दिसलं आणि ती खूश झाली. तिच्यापुरतं बोलायचं तर फोमच जिंकला होता.

मी पाच फूट दहा इंच. पहिल्याच आठवड्यात पुण्यात नळ स्टॉपला सिग्नलला सगळ्यात पुढे उभा होतो आणि मला सिग्नलच दिसेना. छपराची कड बरोबर मध्ये येत होती. मान खाली घालून, हनुवटी स्टिअरिंगजवळ नेऊन वर बघायचं, हिरवा झाला की पुन्हा सरळ बसून गिअर टाकायचा. मागचा रिक्षावाला तोवर हॉर्न देऊन मोकळा. एकदा झालं तर हसून सोडून देता येतं. रोज प्रत्येक चौकात व्हायला लागलं तेव्हा मी चौकात पुढे उभं राहायचंच टाळायला लागलो. मुद्दाम दुसऱ्या गाडीमागे थांबायचो, म्हणजे ती हलली की आपण हलायचं. आवडीने घेतलेली गाडी अशी चोरून चालवायची म्हणजे काहीतरी चुकलंय, हे मला तिथे कळलं.

पूर्वी डोकं आणि छताचं कापड यांच्यामध्ये माझा आडवा पंजा बसायचा. फोमनंतर तीन बोटं जेमतेम जात होती. बाकीच्या तक्रारी याच्यातूनच निघाल्या. क्लच दाबताना मांडी स्टिअरिंगला घासायची. मधला आरसा नेमका डोळ्यांच्या रेषेत यायचा आणि डावीकडून येणारी स्कूटर त्याच्यामागे लपायची. आपली सीट पुढे-मागे सरकते, खाली-वर होत नाही, त्यामुळे त्यावर उपायही नव्हता.

कारण साधं होतं, पण मला ते उशिरा समजलं. स्प्रिंगच्या सीटवर माणूस बसला की ती खाली जाते. रिकामी सीट उंच दिसते, बसल्यावरची सीट बरीच खाली असते, आणि गाडीतली बाकी सगळी मापं त्या बसलेल्या उंचीला जुळतात. माझ्या सीटवाल्याने रिकाम्या सीटची उंची मोजली, स्प्रिंगा कापून काढल्या, खाली प्लाय ठोकला आणि त्यावर तेवढ्याच उंचीचा चांगला, घट्ट फोम बसवला. फोम घट्ट असल्यामुळे माझ्या वजनाने तो थोडाच दबला. म्हणजे काम त्याने मन लावून केलं होतं, माप मात्र चुकीच्या क्षणी घेतलं होतं. तक्रार केल्यावर त्याने एक इंच फोम काढून दिला. डोकं जरा खाली आलं, पण आता खड्ड्यात बुडाला प्लाय लागायला लागला.

फियाट मूळची इटालियन, म्हणून तिला फोम शोभत नाही, असं मात्र माझं म्हणणं नाही. मिलानच्या पिरेल्लीने रबराचा फोम खुर्च्यांमध्ये आणला, आणि डिझायनर मार्को झानुसोने त्याच फोमवर बेतलेली ‘लेडी’ खुर्ची १९५१ मध्ये गाजली. पण तो लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम होता. आपल्याकडे सीटवाला देतो तो पॉलियुरेथेनचा. दाबून बघा, हाताला फरक कळतो.

अकरा महिन्यांनी मी स्प्रिंगा शोधायला लागलो. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर दोन फेऱ्या झाल्या, तेव्हा एका मोडीत निघालेल्या पद्मिनीची बैठक सांगाड्यासकट मिळाली. ही गाडी कुर्ल्यातच बनायची, त्यामुळे तिचे अवयव तिथेच सापडावेत याचं मला बरं वाटलं. पाठीच्या स्प्रिंगा सुदैवाने माझ्याच शाबूत होत्या.

काम केलं ते एका म्हाताऱ्या चाचांनी. कव्हर सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या जुन्या तारेच्या रिंगा पकडीने एकेक उघडल्या, सांगाडा तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारला. दोन स्प्रिंगा तुटल्या होत्या, त्या बदलल्या. मग स्प्रिंगांवर दुहेरी गोणपाट ताणून बसवलं, वाकड्या दाभणाने आणि सुतळीने, प्रत्येक स्प्रिंगला टाका घालत. त्यावर काथ्या. काथ्या हाताने पिंजून, कडेला जास्त आणि मध्ये कमी असा रचला. त्यावर कापसाचा पातळ थर. आणि मग, कव्हर चढवायच्या आधी, त्यांनी ती उघडी सीट गाडीत ठेवायला लावली, मला बसवलं आणि स्वतः पुढे उभे राहून माझे डोळे काचेत कुठे येतात ते बघितलं. दोन मुठी काथ्या काढला. पुन्हा बसवलं. मगच शिलाईला घेतलं. आधीच्या दुकानात मला कोणी बसवून बघितलं नव्हतं.

आज पंजा परत आडवा मावतो. सिग्नल दिसतो. मेमध्ये पाठ पूर्वीइतकी चिकटत नाही, कारण खड्ड्यात सीट दबली की आतली हवा हलते. निदान मला तसं जाणवतं. थर्मामीटर लावून बघितलेलं नाही.

तोटेही आहेत. तीन आठवडे गाडी सीटशिवाय उभी होती. खर्च फोमच्या जवळपास दीडपट आला, स्प्रिंगांचे पैसे वेगळे. काथ्याचा भुसा पहिले काही महिने मॅटवर पडत राहतो. उंदरांना काथ्या फार आवडतो, म्हणून गाडी बंद ठेवायची असेल तर दर आठवड्याला दारं उघडून बघावं लागतं. आणि पुढच्या काचेचं रबर गळत असेल तर आधी ते बदला. काथ्या एकदा भिजला की वास महिनाभर जात नाही. चार वर्षांत माझ्या बाजूला बैठक किंचित बसलीय, पण बाकी सीटला हात न लावता तेवढा भाग उघडून काथ्या भरता येईल.

कव्हरबद्दल थोडक्यात. इटालियन गाडी म्हणजे लेदर, ही समजूत बहुधा फेरारीमुळे झालीय. लान्चिया या इटालियन कंपनीच्या भारी गाड्यांमध्ये लोकरीचं कापड असायचं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आल्फा रोमिओने तर आपल्या रेक्झिनला टेक्साल्फा असं स्वतःचं नाव दिलं होतं. तेव्हा रेक्झिन लावलं म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात लेदरवर बुरशी येते, एका मित्राच्या गाडीत दर ऑगस्टमध्ये पुसताना बघतो. स्प्रिंगवर घ्यायचं रेक्झिन मागून बनियनसारख्या विणीच्या कापडाचं घ्या, ते ताणतं. मागून साधं कापड असलेलं स्वस्त रेक्झिन स्प्रिंगच्या हालचालीने शिलाईपाशी फाटतं. मधल्या पट्ट्यांना जाड सुती कापड आणि कडेला रेक्झिन ही जोडी मला सगळ्यात आवडते.

दरवाजाच्या आतल्या पॅडचा हार्डबोर्ड नवा करताना दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारा आणि मागे प्लास्टिकचा कागद लावायला विसरू नका. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथूनच बोर्डात शिरतं आणि बोर्ड फुगतो. छताचं कापड आडव्या तारांवरच टांगून घ्या. सोल्यूशनने पत्र्याला चिकटवलेलं कापड दोन उन्हाळ्यांत लोंबायला लागतं.

तरीही फोमच बरा, अशी माणसं आहेत. तुमची उंची साडेपाच फुटांच्या आत असेल, आधीच्या मालकाने स्प्रिंगा टाकून दिल्या असतील आणि दुसऱ्या मिळत नसतील, किंवा गाडी वर्षातून चार वेळा रॅलीलाच निघणार असेल, तर फोम करा, त्यात वाईट काही नाही. फक्त प्लाय नको, खाली रबरी पट्टे ताणून घ्या. आणि स्प्रिंगा शाबूत असतील तर कृपा करून कापू देऊ नका. गोणपाट आणि वरचा थर बदलून निम्मं काम तसंच होतं.

सीट दुकानात द्यायच्या आधी दोन मापं लिहून ठेवा: गाडीत बसल्यावर डोकं ते छत, आणि मांडी ते स्टिअरिंग. दोन्ही बसलेल्या अवस्थेत, रिकाम्या सीटवर नाही. परत घेताना तीच मापं दुकानासमोर, पैसे देण्याआधी, पुन्हा घ्या.

माणूस शोधताना गाड्यांच्या बाजारात फार वेळ घालवू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आणि ज्यांच्या हाताला हे काम येतं त्यांच्याकडे फियाटच्या सीट येणं त्याआधीच कमी झालं होतं. माझे चाचा आता जुन्या घरांतले सोफे करतात. मला त्यांचा पत्ताही एका सोफेवाल्यानेच दिला.