राजवाड्याजवळचं फोटो फ्रेमचं दुकान : दोन वेगळे बूट वेगळेच ठेवले

सकाळी शाहू स्टेडियमवर आमच्याकडं पोरं पळायला येतात, त्यांच्या खोलीत खाशाबा जाधवांचा फोटो आहेच, त्याच्या शेजारी जिम थॉर्पचा लावायचं कधीपासून डोक्यात होतं. थॉर्प म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, कार्लाईलच्या, मूळ रहिवाशांच्या पोरांसाठी असलेल्या शाळेकडनं मोठमोठ्या कॉलेजांविरुद्ध फुटबॉल खेळायचा, आपला नव्हे, तो लांबट बॉलचा. बॉल घेऊन पळणार तोच, पास टाकणार तोच, किक पण त्याचीच आणि समोरच्याला आडवा करायला परत तोच. १९११ ला हार्वर्डला १८-१५ नं हरवलं त्यात चार फील्ड गोल, म्हणजे किक मारून केलेले, एकट्या ह्याचे! पुढच्या वर्षी आर्मीला, म्हणजे तिथल्या लष्करी कॉलेजच्या टीमला, २७-६, तेव्हा समोरच्या टीममध्ये आयझेनहॉवर होता, पुढं राष्ट्राध्यक्ष झाला तो. आणि त्याच १९१२ ला स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच प्रकार मिळून) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकार मिळून) दोन्हीत गोल्ड.

त्या ऑलिम्पिकच्या वेळचा एक फोटो आहे, नीट बघितलं तर दोन पायांत दोन वेगळे बूट, मोजे पण वेगळे. बूट चोरीला गेले म्हणून हाताला लागले ते घालून उतरला असं सांगतात. मला तोच फोटो पाहिजे होता.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी दिला होता. त्यांनी जुना फोटो साफ करता करता दोन्ही बूट सारखे करून दिले, मोजे पण जोडीचे! मी बघतच राहिलो, अहो त्या बुटांसाठीच तर फोटो करायचा होता. पैसे गेले ते गेले.

मग इथं आलो. काकांनी फाईल मोठी करून बघितली आणि पहिलाच प्रश्न, "सर, बूट वेगळे आहेत, असेच ठेवायचे ना?" तिथंच काम द्यायचं ठरवलं. मी मोठी साईज मागत होतो तर म्हणाले फोटो फाटेल, म्हणजे धूसर दिसेल, बारा बाय अठराच्या वर जाऊ नका, आणि खरंच तेवढ्यात बुटाची लेससुद्धा दिसते. डाग काढले पण चेहऱ्याला हात लावला नाही. मॅट पेपर, सागवानी पट्टी, मागं प्लायवूड, सगळे मिळून ९५० घेतले. खाशाबांची जुनी फ्रेम पण खोलून काच पुसून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

दोन दिवस सांगून सहा दिवस लावले, फोन पण उचलत नाहीत, म्हणून एक स्टार कमी. गाडी लावायला जागा नाही, चालतच जा.

थॉर्पची मेडलं १९१३ ला काढून घेतली होती, आधी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला म्हणून, तेव्हा पैसे घेऊन खेळणाऱ्याला ऑलिम्पिकमध्ये घेत नव्हते. तो १९५३ ला गेला, आणि पहिला नंबर एकट्याचा म्हणून परत लागला तो २०२२ ला. फ्रेमखाली ही तीन सालं लिहून पाहिजेत म्हटल्यावर काकांनी स्वतःच्या हातानं सुंदर अक्षरात पट्टी करून दिली. आता पोरं शूज घालताना आधी फोटोतले बूट बघतात, काल एकीनं विचारलं, सर ह्यातला मोठा कुठला?