एकटे प्रतिपिंड की जोडीला केमोथेरपी?

स्नेह्यांच्या वडिलांना फुफ्फुसाचा नॉन-स्मॉल सेल कर्करोग आहे, चौथा टप्पा. पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारे प्रथिन; ते किती टक्के कर्कपेशींवर आहे हे तपासतात) ६० टक्के आल्याने डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: केवळ पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी), किंवा त्यासोबत पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपीची औषधे.

२०१६च्या कीनोट-०२४ चाचणीत, पीडी-एल१ किमान ५० टक्के असलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के रुग्णांच्या गाठी एकट्या प्रतिपिंडाने लक्षणीय आकसल्या. २०१८च्या कीनोट-१८९मध्ये, हे प्रमाण कितीही असलेल्या रुग्णांत, जोडउपचाराने सुमारे ४८ टक्क्यांच्या. रुग्णगट वेगळे असल्याने या आकड्यांची थेट तुलना करणे चुकीचे ठरेल.

त्रासातला फरक अधिक स्पष्ट आहे. केमोथेरपीमुळे मळमळ, थकवा आणि रक्तपेशी घटल्याने संसर्गाची भीती वाढते. प्रतिकारशक्ती थायरॉइड, आतडे किंवा फुफ्फुसावरच उलटण्याचा धोका मात्र दोन्हींत राहतो. खर्चाचा मोठा भाग पेम्ब्रोलिझुमॅबचाच, म्हणून केमोथेरपी वगळून फारशी बचत होत नाही.

धाप वेगाने वाढत असेल, गाठी मोठ्या असतील किंवा पीडी-एल१ कमी असेल, तर जोडउपचार योग्य. प्रमाण उच्च, लक्षणे सौम्य आणि वय वा मूत्रपिंडे केमोथेरपी सोसण्याजोगी नसतील, तर एकटे प्रतिपिंड बरे. ईजीएफआर किंवा एएलके जनुकात बदल आढळल्यास मात्र आधी त्यावरच्या गोळ्यांचा विचार होतो.