एफयूई हेअर ट्रान्सप्लांट: दिवाळी ते गणपती, वापरानंतरचा अनुभव

बिलावर नुसतं 'ग्राफ्ट २४००' एवढंच लिहिलेलं असेल तर पैसे मोजायच्या आधी विचारा, यात एका केसाचे सिंगल किती, दोनाचे डबल किती, तिनाचे ट्रिपल किती? ग्राफ्ट म्हणजे मुळासकट उचललेला केसांचा एक गट. माझं सगळं भांडण या एका ओळीवरून आहे. केस आले, बरे आले, ते पुढे सांगतोच. पण परवा क्लिनिकमधून फोन आला, "सर, गणपती ऑफर आहे, भोवऱ्याचं दुसरं सिटिंग करून घ्या," आणि डोकं पुन्हा तापलं. म्हणून लिहायला बसलो.

वय चाळिशीचं, टक्कल नॉरवुडच्या (टक्कल किती पसरलंय ते मोजायचं माप) चौथ्या पायरीवर, देवगड तालुक्यात हापूसची बाग. क्लिनिक कोल्हापुरातलं, नाव देत नाही. दर ३५ रुपये ग्राफ्ट. २४०० ग्राफ्टचे झाले ८४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १५,१२०. एकूण ९९,१२०. कोटेशन देताना जीएसटी हा शब्द कोणी काढला नव्हता, काउंटरवर पैसे भरतानाच समजला. मी म्हटलं, दवाखान्याला कसला जीएसटी? तर घरी येऊन शोधल्यावर कळलं की आरोग्यसेवेला माफी आहे, पण तिच्या व्याख्येतून हेअर ट्रान्सप्लांट आणि कॉस्मेटिक सर्जरी नाव घेऊन बाहेर काढली आहे. जन्मजात व्यंग किंवा अपघातातली इजा असेल तरच सूट. म्हणजे कर खरा होता. आधी सांगायला काय झालं होतं? मेडिक्लेमचं तर विचारूच नका.

डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे, ही प्रक्रिया सगळ्यांना माहीत असते, तरी टेबलावर पालथं पडल्यावर जे कळतं ते व्हिडिओत नसतं. मागची बाजू सकाळीच भादरली. भूल फक्त कातडीला देतात. लिग्नोकेनच्या पहिल्या काही सुयांना डोळ्यांतून पाणी येतं, मग काही लागत नाही. त्यात अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येतं. मग मोटरवर फिरणारा पंच, त्याचं तोंड जेमतेम ०.८ ते ०.९ मिमीचं. तो कानामागे आला की घर्र असा आवाज कवटीच्या आतूनच येतो. दुखत नाही, पण दात आपोआप आवळले जातात.

खरी कारागिरी इथे आहे. केस वर ज्या कोनात दिसतो त्याच कोनात आतलं मूळ असेलच असं नाही. म्हणून पंच वरवरच फिरवतात आणि खालचं मूळ चिमट्याने अलगद उचलतात. कोन चुकला तर मूळ मधेच कापलं जातं. त्याला ट्रान्सेक्शन म्हणतात, आणि तो केस बहुतेक वेळा गेलाच समजायचा. पट्टी कापून टाके घालायची जुनी एफयूटी पद्धत सोडून एक-एक मूळ काढायची ही रीत, म्हणजे एफयूई, रासमन आणि बर्नस्टाइन या अमेरिकन डॉक्टरांच्या २००२ च्या लेखानंतर फोफावली. टाके नाहीत, लांबलचक व्रण नाही, हा तिचा मोठा फायदा. बारीक पांढरे ठिपके मात्र राहतात. मागे झिरो मारायची हौस असेल तर आत्ताच सोडून द्या.

दुपारी वरणभात, मग उताणं. मुळं बसवायच्या पुढच्या फटी डॉक्टरांनी स्वतः पाडल्या, रोवणी टेक्निशियन मुलींनी केली. सफायर ब्लेडचे जादा पैसे मागत होते, मी साधं स्टील घेतलं. केस कुठल्या दिशेला वळणार हे फटीच्या कोनावर ठरतं आणि कोन हातावर. कोरियातून आलेल्या चोई पेनने फट आणि रोवणी एकाच दमात होते, त्याला इकडे डीएचआय म्हणून दुप्पट दर लावतात. ज्याला परवडतं त्याने घ्यावं. मी फक्त एक गोष्ट आधी पक्की केली होती, डॉक्टर स्वतः हात लावणार की नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये याबद्दल सूचना काढल्या आहेत. औपचारिक शस्त्रक्रिया प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच हे करावं, चार व्हिडिओ बघून किंवा एखादं वर्कशॉप करून नाही. गल्लीबोळातल्या 'हेअर स्टुडिओ'त जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मागचे केस पुढे लावून टिकतात कसे, हा प्रश्न बागेतल्या गड्यानेही विचारला. त्याला म्हटलं, रायवळाच्या रोपावर हापूसचं कलम बांधलं तर फळ कसलं धरतं? तेच आहे हे. पुढच्या आणि भोवऱ्याच्या मुळांना डीएचटी हे हार्मोन सोसत नाही, मागच्या पट्ट्यातल्या मुळांना सोसतं, आणि जागा बदलली तरी तो गुण मुळासोबत जातो. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली हे मांडलं. पण त्यांच्या काळचे पंच चांगले ४ मिमीचे. एका गोळ्यात डझनभर केस, त्यामुळे कपाळाशी बाहुलीच्या डोक्यासारखे पुंजके दिसायचे. आता निसर्गात केस जसे गटागटाने उगवतात, एक, दोन, तीन, क्वचित चार, तसाच एकेक गट उचलतात. तो गट म्हणजे ग्राफ्ट.

आणि म्हणूनच माझा प्रश्न. सिंगल कपाळाच्या कडेला लावतात म्हणजे रेघ मऊ दिसते, डबल-ट्रिपल त्यामागे भर द्यायला. तर २४०० ग्राफ्ट म्हणजे २४०० केसही असू शकतात आणि सहा हजारही. दर मात्र ग्राफ्टचा. शिवाय कोणी मनात आणलं तर तीन केसांच्या एका ग्राफ्टचे मायक्रोस्कोपखाली तीन तुकडे करायचे, बिलात तीन. मी डिस्चार्जच्या वेळीच विचारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, अ‍ॅव्हरेज दोन-अडीच धरा." मी आंब्याची पेटी अ‍ॅव्हरेजने विकत नाही, मग केस अ‍ॅव्हरेजने का घेऊ? "मेल करू सर," म्हणाली. मेल आला नाही.

राधानगरी, फोंडा घाटाने परतलो. मेहुणा गाडी चालवत होता, मी मानेला उशी लावून ताठ. घाटातल्या प्रत्येक वळणाला डोकं टेकणार तर नाही ना, ही धास्ती. पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून झोप, सलाइनचा फवारा, तांब्याने हळू पाणी ओतून आंघोळ, धार नको. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली, हे होतंच, घाबरू नका. खालच्या वाडीतली काकी बघायला आली, "मेल्या, डोक्याक काय झाला रे?" आईचा जीव खोबरेल लावण्यात अडकलेला, आणि डॉक्टरांनी तेल बंद सांगितलेलं. खपल्या पडेपर्यंत आमच्या घरात रोज हाच वाद. दिवाळीनंतरचा मुहूर्त मात्र अचूक होता. घाम कमी, पाऊस नाही, बागेत मोहोराचं काम सुरू व्हायला अवकाश. मे महिन्यात हे केलं असतं तर घामाने आणि आंब्याच्या धावपळीत वाट लागली असती.

मग लावलेले केस गळाले. जवळजवळ सगळे. शॉक लॉस म्हणतात, मूळ आत शाबूत असतं आणि नुसता केस पडतो, हे वाचलेलं होतं. पण उशीवर रोज ३५ रुपयांचे ग्राफ्ट पडलेले दिसतात तेव्हा वाचलेलं काही उपयोगाला येत नाही. मोहोरावर फवारणी चालू, डोक्यावर सैल टोपी, आणि टोपीखाली पूर्वीपेक्षा उजाड. हा अनुभव मी तेव्हा लिहिला असता तर पाचपैकी एक तारा दिला असता, आणि तोही वरणभाताला.

त्याच सुमारास पुन्हा फोन करून बसलो. या वेळी आवाज चढवला. म्हटलं, केस पडले ते पडले, मोजणी तरी द्या. दोन दिवसांनी एका कागदाचा फोटो आला. सिंगल ६१०, डबल १२७०, ट्रिपल ५२०. बेरीज बरोबर २४००. केस झाले ४७१०, म्हणजे ग्राफ्टला सरासरी दोनालाही थोडे कमी, आणि केसाला १७ रुपये ८३ पैसे, कर सोडून. हिशोब वाईट नाही. पण तिन्ही आकडे शून्यावर संपतात! डोक्यातून मुळं काढताना तिन्ही प्रकार नेमके दहाच्या पटीत कसे निघतील? बायको म्हणाली, तुम्हाला केस हवेत की ऑडिट? फोनवर एक टेक्निशियन बिचारी शांतपणे समजावत होती, की थंड सलाइनमधल्या डिशमध्ये दहा-दहाच्या ओळी लावून मोजतात, म्हणून तसं दिसतं. शेवटची ओळ अर्धीच भरली असेल तर? "तेव्हा पूर्ण धरतो सर." म्हणजे तीन ओळींत थोडे थोडे माझे गेले. फार नाहीत, पण गेले.

होळीच्या आसपास कपाळावर बारीक पुरळ आलं. कातडीखालून नवा केस डोकं काढतो तेव्हा असं होतं, आमच्या दमट हवेत जरा जास्तच. मग आले तेही चिवट, वाकडेतिकडे, रंगाने फिके. आंब्याची शेवटची पेटी गेली तोपर्यंत काळे आणि सरळ व्हायला लागले होते. आता भाद्रपदात कपाळाची रेघ अशी आहे की आमच्या सलूनवाल्याला सांगावं लागलं. त्याने जवळून पाहिलं, बोटाने केस उलटे केले, मागचे ठिपके बघून म्हणाला, "अच्छा, इकडून तिकडे." मुंबईहून आलेल्या चुलत भावाने आरतीला शेजारी उभा राहून हळूच विचारलं, दादा, गोळ्या कसल्या घेतोस? या एका प्रश्नासाठी एक तारा वाढवतो. कोनाचं काम डॉक्टरांनी खरंच उत्तम केलंय, त्यासाठी आणखी दोन. आता चार. पाचवा त्या शून्यांनी खाल्ला.

गोळ्यांवरून आठवलं. फिनास्टेराइडची १ मिग्रॅची गोळी आणि डोक्याला लावायचं ५ टक्के मिनॉक्सिडिल हे कायमचं लग्न आहे, हे पॅकेज विकताना कोणी जोरात सांगत नाही. लावलेले केस टिकतील, पण मूळचे जे उरलेत ते गळतच राहणार, त्यांना थोपवायला हे लागतं. फिनास्टेराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून मगच सुरू करा. घरात कोणी गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला तिचा हात लागता कामा नये. मिनॉक्सिडिलची आमच्याकडे वेगळीच कटकट. पावसाळ्यात रात्री लाइट जाते, पंखा बंद, आणि ते द्रव सुकत नाही, ओघळून कपाळावर येतं. मी आता संध्याकाळी लाइट असतानाच लावतो. फेस येणारं मिळतं, पण महाग.

भोवऱ्याचं दुसरं सिटिंग मी आत्ता करणार नाही, आणि ते दराच्या भांडणामुळे नाही. मागच्या पट्ट्यात जन्मभराचा साठा बहुतेकांकडे पाच-सहा हजार ग्राफ्टच्या आसपासच असतो. त्यातले २४०० मी खर्च केले. आमच्या वडिलांचं आणि दोन्ही काकांचं डोकं सहाव्या-सातव्या पायरीपर्यंत गेलेलं आहे. भोवरा भरून घेतला आणि पुढे दहा वर्षांत त्याच्याभोवतीचं गळालं, तर मधे झाडी आणि चहूकडे रान मोकळं. उरलेला साठा पुढच्या रेघेच्या मागे लागेल तेव्हा लागेल. क्लिनिकवाल्यांना हेच सांगितलं, तर म्हणाले, "सर, ऑफर विसर्जनापर्यंतच आहे."