भाड्याच्या फ्लॅटची वायरिंग तपासणी आणि आरसीसीबी : एक पावसाळा काढल्यानंतर

नेरूळला आमचा सिडकोचा जुना वन बीएचके आहे, आम्ही राहतो ठाण्यात. गेल्या हिवाळ्यात नवा लिव्ह अँड लायसन्स करार करण्याआधी फ्लॅटची सगळी वायरिंग तपासून घेतली. येणाऱ्या जोडप्याचं बाळ रांगत होतं, प्रत्येक सॉकेट त्याच्या हाताच्या उंचीवर. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत, पुढची मालकाची. इंग्लंडमध्ये 2020 च्या नियमांनुसार भाड्याच्या घराची निदान दर पाच वर्षांनी अशी तपासणी करावीच लागते. आपल्याकडे करार करताना कोणी विषयही काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शासनाचा ठेकेदार परवाना असलेल्या माणसाला बोलावलं. तपासणीचे साडेतीन हजार, दुरुस्ती वेगळी. ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये त्यांनी फेज आणि अर्थमध्ये (अर्थिंगच्या वायरीत) मीटर धरला. 230 व्होल्टच्या आसपास यायला हवे होते, आकडा साठ-सत्तरवर घुटमळत होता. प्लेट उघडली तर हिरवी वायर कापून, टोकाला टेप गुंडाळून मागे सारलेली. म्हणजे तीन पिनांचं सॉकेट, पण अर्थ नाहीच!

मग मेन बंद करून मेगर लावला. तो वायरीवर 500 व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन मोजतो. किमान एक मेगाओम हवा. बाकीच्या लाइनी शंभराच्या वर होत्या, गीझरची जेमतेम पाव. बाथरूमच्या माळ्यावर, वरच्या घरातून पाणी झिरपतं तिथेच, वायरी पिळून टेप मारलेला जोड निघाला. नुसत्या टेस्टरने हे कधीच सापडलं नसतं. त्यामुळे कोणालाही बोलावण्याआधी मेगर आणणार का, हे फोनवरच विचारा. नाही म्हणाले तर दुसरा बघा.

जोड काढून 2.5 स्क्वेअर मिमीची अखंड तांब्याची वायर ओढली, अर्थ जोडले आणि डीबीत (घरातल्या सगळ्या लाइनींच्या स्विचच्या पेटीत) 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवला. एमसीबी (ओव्हरलोड झाला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी सांगते: 16 अँपच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारे 50 मिलिअँप कळतही नाहीत, आणि तेवढे जीव घ्यायला पुरतात. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का ते बघतो. फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. उलट ओव्हरलोड त्याला कळत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

पहिल्याच आठवड्यात फोन आला, “काकू, पॅसेजचा दिवा लावला की अख्ख्या घराची लाइट जाते.” पूर्वी कोणीतरी त्या दिव्याला न्यूट्रल म्हणून चक्क अर्थची वायर जोडली होती. करंट अर्थमधून परतत होता, म्हणून आरसीसीबी पडत होता. ही चूक तपासणीतच सापडायला हवी होती, असं मी ठेकेदाराला स्पष्ट सांगितलं. त्यांनी पैसे न घेता दुरुस्त करून दिलं. अशा वेळी आरसीसीबीच काढून टाकायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका.

खरा उपयोग जुलैत झाला. गीझर चालू केला की ट्रिप, प्लग काढला की सगळं ठीक. एलिमेंट चिरून करंट पाण्यात उतरत होता. एलिमेंट बदललं, प्रश्न मिटला. त्याच बाथरूममध्ये रोज बाळाची अंघोळ असते.

तक्रारी आहेत. अहवाल सगळा इंग्रजीत, तोही संक्षेपांनी भरलेला, भाडेकरूंना काही कळेना. शेवटी कोणता एमसीबी कशाचा आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण दर तीन महिन्यांनी दाबायचं, एवढं मीच मराठीत लिहून डीबीच्या दारावर चिकटवलं. दुसरं, सगळं घर एकाच आरसीसीबीवर असल्याने ती मंडळी गावी गेलेली असताना तो पडला आणि फ्रिजमधलं सगळं खराब झालं. पुन्हा करायचं झालं तर फ्रिजला वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) घेईन, जास्त पैसे पडले तरी. तिसरं, इमारतीचा अर्थ पिट, म्हणजे अर्थची वायर जमिनीत उतरते तो खड्डा, सोसायटीचा. झाकण शोधायलाच वेळ गेला, आणि ओल हवी तिथे आत खडखडीत कोरडा. पत्र दिलंय, अजून उत्तर नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मी मांडणार आहे. नेरूळमध्ये ज्यांच्या सोसायटीने पिटचं काम करून घेतलंय, त्यांनी खर्च किती आला ते कळवलं तर सभेत सांगता येईल.