मियाटाची गादी दीड इंच खाली

माझी उंची सहा फूट एक इंच. गाडी 1991 ची माझदा मियाटा, म्हणजे दोनच सीटांची, कापडी छत उघडणारी छोटी गाडी; पहिल्या पिढीतली, 1.6 लिटरची. न्यू जर्सीत राहायला आल्यावर पहिली हौस म्हणून घेतलेली. या गाडीवर माझा जीव आहे, पण तिच्यात बसलं की विंडशील्डची वरची चौकट बरोबर डोळ्यांसमोर यायची. सिग्नलला पहिला नंबर लागला की लाल-हिरवा दिवा बघायला मान वाकवावी लागे. छत चढवलं की केस कापडाला घासत. या सीटला उंची कमीजास्त करायची सोय नाही, स्टीअरिंगही वरखाली होत नाही. म्हणजे जे काही करायचं ते गादीतच.

नेवार्कच्या आयर्नबाउंड भागात पोर्तुगीज वस्ती आहे. तिथल्या एका गल्लीत गाड्यांच्या सीटा शिवणारं छोटं दुकान आहे, एक म्हातारे कारागीर आणि त्यांचा पुतण्या. हा अनुभव त्यांच्याकडचा.

त्याआधी मी स्वतः हात घालून पाहिला होता. सीट काढणं अवघड नाही. चार बोल्ट, 14 मिलिमीटरचा सॉकेट पाना. सीट मागे सरकवून पुढचे दोन, पुढे सरकवून मागचे दोन, आणि खालचा वायरचा जोड सोडवायचा. मग कव्हर धरून ठेवणाऱ्या धातूच्या रिंगा पकडीने कापल्या आणि पावाच्या सुरीने फोम वरून कापत गेलो. चूक तिथेच झाली. वरचा थर गेला की गादीचा आकारच जातो. कव्हर सैल पडलं, त्याला चुण्या पडल्या, आणि अर्ध्या तासाच्या ड्रायव्हिंगनंतर मांडीखाली खालच्या स्प्रिंगा लागायला लागल्या. कंबर दोन दिवस धरली होती.

म्हाताऱ्यांनी ती गादी हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "कापायचं ते इथून." वरचा पृष्ठभाग आहे तसा ठेवायचा आणि पोटातून माल काढायचा. फोम बदलावा लागणार होता. त्यांनी दुसऱ्या पडीक सीटमधली धड गादी शोधून आणली. त्यानंतर जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. मला गाडीत बसवलं, पाय पेडलवर ठेवायला सांगितले आणि मांडी व गादीच्या पुढच्या कडेमध्ये हात घालून बघितलं. ती पुढची कड त्यांनी अजिबात कापली नाही. बसल्यावर बुडाची दोन हाडं जिथे टेकतात, तिथेच खडूने दोन गोल काढले आणि उताराने कापत आले, मध्ये खोल, कडेला शून्य. कव्हर ओढून धरणाऱ्या तारा फोममध्ये रुतलेल्या असतात, त्यांच्या आसपास बोटभर जागा सोडली.

सांगलीला आमच्या दारात पिंजारी यायचा. कापूस पिंजून झाला की आजी गादीवर आडवी व्हायची आणि कुठे खोलगट वाटतं, कुठे टणक, ते सांगायची, मग तो तिथे मूठ मूठ कापूस घालायचा. त्या माणसाची आठवण आली.

फरक दीड इंचाचा, पण तो सगळीकडे पोचला. डोळे चौकटीच्या खाली आले. स्टीअरिंगचं चाक आणि मांडी यांच्यात मुठीएवढी जागा झाली, क्लच दाबताना गुडघा अडकत नाही. आणखी एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. या सीटची पाठ आणि डोकं टेकायची उशी एकसंध आहे, उशी वर उचलता येत नाही. आधी ती माझ्या मानेपाशी यायची. मागून कुणी धडकलं असतं तर डोकं तिच्यावरून मागे गेलं असतं. आता डोक्याचा मागचा भाग तिच्यावर टेकतो. माझ्या मते कापण्याचं खरं कारण हेच आहे, समोरचं नीट दिसण्यापेक्षाही.

तक्रार एकच. तीन दिवसांत देतो म्हणाले आणि नऊ दिवस लागले. मधल्या दिवसांत फोन मीच करायचा. पैसे 180 डॉलर, जुन्या फोमसकट. रेसिंग बकेट सीट (शर्यतीच्या गाडीतली खोलगट, एकसंध सीट) आणि तिचे ब्रॅकेट घेतले असते तर याच्या कितीतरी पट गेले असते, शिवाय पाठ मागे रेलवता आली नसती.

हे वाचून कुणी हात घालणार असेल तर दोन गोष्टी. सीटची चौकट, रूळ आणि पट्ट्याचं बक्कल जिथे बसतं तो भाग यांना कापणं, भोक पाडणं, ठोकणं काही करू नका. अपघातात तुम्हाला धरून ठेवतं ते हेच, फोम नाही. दुसरं, हे पहिल्या पिढीच्या गाडीबद्दल आहे. 2006 पासूनच्या तिसऱ्या पिढीत सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते आणि बऱ्याच नव्या गाड्यांत शेजारच्या सीटच्या गादीत वजन ओळखणारा सेन्सर असतो. तिथे सुरी घेऊन जाऊ नका, जाणत्या माणसाला विचारा.

निघताना पुतण्याने कापलेले फोमचे तुकडे पिशवीत भरून दिले. त्यावर म्हाताऱ्यांनी मार्करने डावी-उजवी बाजू लिहिली आहे. उद्या गाडी बुटक्या माणसाच्या हाती गेली तर ते परत बसवता येतील म्हणून. पिशवी डिकीत ठेवली आहे, बॅटरीच्या शेजारी.